सारख्याच नावाच्या दोन डिस्क

संगणकात ठेवलेली फाइल परवा होती, काल नव्हती आणि आज पुन्हा जागेवर आली, असं कोणी सांगितलं तर ऐकणारा आधी सांगणाऱ्याच्या वयाकडे पाहतो. अकोल्याच्या आमच्या गुरुजींच्या वाट्याला नेमकं तेच आलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. त्यामुळे घरचे, शेजारी आणि संगणकाचा दुकानदार यांनी मिळून निकाल देऊन टाकला होता, की गुरुजी फाइल ठेवतात एकीकडे आणि शोधतात दुसरीकडे. मला ते पटत नव्हतं. मुर्तिजापूर तालुक्यातल्या शाळेत मी त्यांच्या हाताखाली शिकलो आहे. हजेरीपटात कधी खाडाखोड न केलेला हा माणूस वस्तू कुठं ठेवली ते विसरणारा नाही.

"बापा, हे मशीन मले फसवून राह्यलं," ते फोनवर म्हणाले. "सोमवारी भरलेल्या ओव्या मंगळवारी दिसत नाईत. बुधवारी त्या आपोआप येतात, पन मंग मंगळवारच्या जातात."

शेवटच्या वाक्यानं माझे कान टवकारले. फायली नुसत्या हरवत नव्हत्या, आळीपाळीनं हरवत होत्या. ज्या दिवशी एक संच दिसे, त्या दिवशी दुसरा दिसत नसे. माणसाच्या विसरण्याला अशी शिस्त नसते.

गुरुजी गेली काही वर्षं खारपाणपट्ट्यातल्या गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतात. बाळापूर, अकोट, तेल्हारा, मुर्तिजापूर हे त्यांचे तालुके. गावोगाव पिठाची चक्की आली तसं जातं अडगळीत गेलं आणि ओवी तोंडपाठ असलेल्या बाया आता ऐंशीच्या घरात आहेत. हे काम आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. गी पॉइट्वँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून जमवलेल्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि 'पारी' या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बाईच्या नावागावासह वाचायला, ऐकायला मिळतात. गुरुजींचा संग्रह त्यापुढे लहान. पण त्यातला प्रत्येक आवाज एकदाच मिळालेला आहे, आणि त्यातल्या काही बाया आता नाहीत.

मी अमरावतीत एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. गुरुजींच्या मशीनवर आहे त्या लिनक्सची सवय मला तिथलीच. २००५ नंतरच्या काही वर्षांत आमच्याकडे भारनियमन असायचं तेव्हा वीज परत आल्यावर जुन्या मशिन आधी अख्खी डिस्क तपासत बसत आणि तोवर तास संपून जाई. लिनक्सची १९९३ ची एक्स्ट-टू ही फाइलप्रणाली तशीच होती. अचानक वीज गेली की काय अर्धवट राहिलं हे कळायला सगळी डिस्क धुंडाळण्याशिवाय तिला मार्ग नव्हता. २००१ मध्ये एक्स्ट-थ्रीबरोबर जर्नल आलं, म्हणजे बदल करण्याआधी त्याची नोंद लिहून ठेवायची पद्धत, आणि २००८ मध्ये आलेल्या एक्स्ट-फोरनं तीच पुढं नेली. आता वीज गेली तरी मशीन जर्नल वाचून काही क्षणांत सावरतं. पण जर्नल सावरतं ते अर्धवट राहिलेलं काम. डिस्कचा पृष्ठभागच खराब होत चालला असेल तर ते काहीही करू शकत नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

मी अकोल्याला जायचं ठरवत होतो तेवढ्यात मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तिकडे वादळ आलं, वीज गेली आणि मशीन उठेचना. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या: अनपेक्षित विसंगती सापडली आहे, 'एफएससीके' हातानं चालवा, आणि देखभालीसाठी रूटचा पासवर्ड द्या. शेजारचा एक होतकरू मुलगा धावून आला. इंटरनेटवर त्याला एक आज्ञा सापडली होती. दुरुस्तीचा प्रोग्राम जे जे विचारेल त्याला आपोआप 'हो' म्हणणारी. गुरुजींनी त्याला थांबवून मला फोन लावला.

"गुरुजी, मशीन बंद करा आणि कोणालाही हात लावू देऊ नका," मी सांगितलं.

"मी पहिलेच तार काढून ठेवली," ते म्हणाले.

त्या संग्रहाचं बरंचसं रक्षण या एका कृतीनं झालं, असं मी आजही मानतो. 'एफएससीके' हा प्रोग्राम फाइलप्रणाली सुसंगत करतो. तुमच्या फायली वाचवणं हे त्याचं काम नाही. जी नोंद जुळत नाही ती तो जुळवतो किंवा पुसून टाकतो. डिस्क धडधाकट असेल तर हे योग्यच. पण जी डिस्क वाचतानाच अडखळते आहे, तिच्यावर त्याला 'हो, हो' म्हणत सोडलं तर न वाचता आलेल्या भागाला तो मोडकी नोंद समजून साफ करू शकतो. शिवाय आजारी डिस्कवर होणारं प्रत्येक लेखन तिचं उरलेलं आयुष्य कमी करतं.

जठारपेठेतल्या त्यांच्या घरी पोचलो तेव्हा उन्हानं रस्ता ओस पडला होता. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे सगळ्यांना माहीत आहे. डेस्कटॉपच्या साध्या हार्ड डिस्कची कामाची मर्यादा बहुधा ६० अंशांपर्यंत असते हे कमी लोकांना माहीत असतं. बंद खोली, धुळीनं भरलेला पंखा आणि वर पत्रा, म्हणजे ती मर्यादा फार लांब नाही. यूपीएसची बॅटरीही उन्हानंच खाल्ली होती. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं, म्हणून वऱ्हाडात ती लिहिल्याइतकी टिकत नाही.

मशीनमधली लिनक्स मी सुरूच केली नाही. पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स लावली आणि कोणतीही डिस्क न जोडता फक्त यादी मागितली: कोणत्या डिस्क आहेत, त्यावर कोणती विभाजनं, त्यांची लेबलं काय, त्यांचे यूयूआयडी काय. यूयूआयडी म्हणजे फाइलप्रणाली तयार होताना तिला मिळणारा ३२ षोडशमान अंकांचा ओळखक्रमांक. तो जगात एकमेव असावा अशी अपेक्षा असते.

यादीत कोडं सुटलं. प्रणाली एका लहान एसएसडीवर होती. शिवाय प्रत्येकी १ टेराबाईटच्या दोन डिस्क. दोघींवर एकेक विभाजन, दोघींचं लेबल 'डेटा', आणि दोघींचा यूयूआयडीही अक्षरशः एकच.

आदल्या दिवाळीत जुन्या डिस्कची प्रत हवी म्हणून गुरुजींनी एका दुकानातून नवी डिस्क आणली होती. तिथल्या कारागिरानं जुनीची बाइट-न्-बाइट प्रत नवीवर उतरवली आणि दोन्ही त्याच डब्यात बसवून दिल्या. प्रत चोख होती. पण अशा प्रतीत फायलींबरोबर लेबल आणि यूयूआयडीही उतरतो. मशीन सुरू होताना लिनक्स 'एफएस-टॅब' नावाची फाइल वाचते. त्यात लिहिलं होतं की 'डेटा' लेबलची डिस्क अमुक फोल्डरला जोड. त्या नावाच्या दोन डिस्क असतील तर कोणती घ्यायची याचा नियम नाही. सुरू होताना जिची ओळख जशी पटेल तशी ती लागते. म्हणून कधी जुनी लागे, कधी नवी. दिवाळीपासून मेपर्यंत गुरुजींच्या ओव्या दोन डिस्कांवर विखुरत गेल्या होत्या आणि दोन्ही स्वतःला 'डेटा' म्हणवत होत्या.

लेबलाऐवजी डिस्कचं जागेवरून पडलेलं नाव, म्हणजे 'एसडीए', 'एसडीबी', वापरलं असतं तरी सुटका नव्हती. ती नावं डिस्क सापडण्याच्या क्रमावरून पडतात आणि एखादी नवी डिस्क किंवा पेनड्राइव्ह आला की बदलू शकतात.

मी हे समजावून सांगितलं तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "म्हंजे यायचं काही चुकत नोयतं?"

"नाही काकू. गुरुजी जे सांगत होते ते शब्दशः खरं होतं."

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी वही उघडून तारखा लिहायला घेतल्या: कोणत्या दिवशी कोणतं गाव दिसलं, कोणतं नाही. ही वही पुढे फार कामी आली.

आता दुसरा प्रश्न. मशीन उठत का नव्हतं? कर्नलच्या नोंदींमध्ये जुन्या डिस्कच्या नावानं वाचनाच्या चुकांची रांग लागली होती. स्मार्ट नोंदी मागितल्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी वही ठेवते तीच ही. त्यातला १९७ क्रमांकाचा रकाना, म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर, शून्य असायला हवा. जुन्या डिस्कवर तो शून्य नव्हता. नवीवर होता. डिस्कच्या पाठीवर छापलेला अनुक्रमांक पडद्यावरच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहिला आणि मगच चिकटपट्टीवर पेनानं 'जुनी, आजारी' आणि 'नवी, ठीक' असं लिहून ती डिस्कांवर लावली.

मग नवी काढून बाजूला ठेवली आणि बाजारातून २ टेराबाईटची तिसरी डिस्क आणली. आजारी डिस्कची प्रत उतरवायला ग्नू 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्राम लावला. साधी नक्कल करणारे प्रोग्राम खराब सेक्टरवर अडून बसतात. हा तसं करत नाही. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, अडलेला भाग ओलांडून पुढे जातो आणि शेवटी परत येऊन त्या जखमी भागाची कड कुरतडतो. डिस्क मध्येच मेली तरी बहुतेक ऐवज हाती आलेला असतो. शिवाय काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा तो एका फाइलमध्ये लिहीत जातो. त्या रात्री वीज पुन्हा गेली. आली तेव्हा तीच आज्ञा तोच नकाशा देऊन परत दिली आणि काम जिथं थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. वऱ्हाडात हे साधन वापरण्याला एवढं एकच कारणही पुरेसं आहे.

डिस्क डब्याबाहेर लाकडी पाटावर ठेवली होती. शेजारी कूलर होता, पण त्याची ओलसर हवा नको म्हणून टेबलफॅन लावला. निरोगी भागात वेग सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास. त्या हिशेबानं टेराबाईटभर डिस्क तीनेक तासांत संपली असती. खराब पट्टा आला की आकडा किलोबाइटवर यायचा आणि डिस्कमधून बारीक टकटक ऐकू यायची. गुरुजी खुर्ची घेऊन शेजारी बसून राहिले. सकाळी टक्केवारी शंभराच्या अगदी जवळ पोचली होती आणि उरलेलं निघणार नव्हतं.

मूळ डिस्क कपाटात गेली. यापुढचं सगळं प्रतीच्याही प्रतीवर. आधी 'ई-टू-एफएससीके' फक्त पाहण्यापुरतं चालवलं, म्हणजे काय बिघडलं ते सांग पण लिहू नकोस. सुपरब्लॉक, म्हणजे फाइलप्रणालीचा मुख्य आराखडा, शाबूत होता. तो गेला असता तरी एक्स्ट-फोर त्याच्या प्रती ठरलेल्या ठिकाणी ठेवते, ४ किलोबाइटचे ब्लॉक असतील तर पहिली ३२७६८ व्या ब्लॉकवर, आणि तो आकडा देऊन दुरुस्ती करता येते. इथं नुकसान वेगळं होतं. काही डिरेक्टरींचे ब्लॉक वाचता आले नव्हते.

याचा अर्थ समजायला इनोड समजावा लागतो. इनोड म्हणजे फाइलचा सातबारा. मालक कोण, क्षेत्र किती, जमीन कोणत्या गटात, सगळं त्यात असतं. पण फाइलचं नाव त्यात नसतं. नाव असतं डिरेक्टरीत, आणि डिरेक्टरी ही नाव व इनोड क्रमांक यांची नुसती जोडयादी. ती यादी गेली की फाइल जिवंत, आवाज जिवंत, पण नाव गेलेलं. दुरुस्तीचा प्रोग्राम पाच टप्प्यांत हेच तपासतो: इनोड आणि ब्लॉक, मग डिरेक्टरींची रचना, मग त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, मग कोणत्या इनोडला किती नावं, शेवटी एकूण हिशेब. ज्या फायलींचं नाव सापडत नाही त्यांना तो 'लॉस्ट अँड फाउंड' या फोल्डरमध्ये नेतो आणि इनोडचा क्रमांकच नाव म्हणून लावतो.

प्रतीवर खरी दुरुस्ती चालवली तेव्हा त्या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांची रांग उभी राहिली. गुरुजींनी ती पाहिली आणि विचारलं, "यातली बाई कोनती, हे आता कसं समजन?"

उत्तर त्यांनीच आधी देऊन ठेवलं होतं. एक आकडा उघडला. आधी गुरुजींचा वर्गातला स्वच्छ आवाज: गाव, तालुका, बाईचं नाव, माहेर, तारीख. मग घसा खाकरल्याचा आवाज आणि ओवी. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला हे सगळं मोठ्यानं बोलायची सवय त्यांनी पहिल्यापासून लावून घेतली होती. डिरेक्टरी गेली, फोल्डर गेलं, फाइलचं नाव गेलं, तरी बाईचं नाव तिच्या आवाजाला चिकटून राहिलं होतं. गुरुजी कानाला हेडफोन लावून बसले, ऐकत आणि वहीशी ताडत. ते सांगत तसं मी नाव बदलत गेलो.

काही ठिकाणी खराब सेक्टर थेट आवाजावर आला होता. रेकॉर्डिंग आकुंचन न केलेल्या वेव्ह स्वरूपात होती, म्हणून ४०९६ बाइटचा एक सेक्टर जाणं म्हणजे एका वाहिनीच्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाच्या विसाव्या भागाहून कमी आवाज जाणं. कानाला नुसती टिचकी ऐकू येते. सलग पट्टा गेला तिथं मात्र ओवीतली अख्खी ओळ शांत झाली. तेवढ्याच आकाराचा डिरेक्टरीचा एक ब्लॉक गेला, तर कितीतरी बायांची नावं एका दमात जातात. ऐवजाच्या नाशापेक्षा ओळखीचा नाश किती स्वस्तात होतो, हे मला त्या खोलीत नीट उमगलं.

नव्या डिस्कच्या बाबतीत एक काळजी घेतली. ती फक्त वाचनापुरती जोडली तरी एक्स्ट-फोर उरलेलं जर्नल लिहून टाकू शकते. म्हणून जर्नल लावू नकोस असं स्पष्ट सांगणारा 'नोलोड' पर्याय दिला. मग दोन्हीकडच्या फायलींचे एसएचए-२५६ ठसे काढून ताडले. ठसा एकच, म्हणजे फाइल एकच. ज्या एकाच बाजूला होत्या त्या नव्या संग्रहात आणल्या. रेकॉर्डर क्रमांक पुन्हा पहिल्यापासून देतो, त्यामुळे काही ठिकाणी नाव सारखं आणि आवाज वेगळा होता. त्यातलं काहीही एकमेकावर लिहू दिलं नाही. वेगळ्या फोल्डरात ठेवून गुरुजींनी ऐकून निर्णय केला.

शेवटी डिस्कांना नवी नावं द्यायची होती. गुरुजींना लेबल मराठीतच हवं होतं. एक्स्ट-फोरमध्ये लेबलाला १६ बाइट मिळतात आणि देवनागरीचा एकेक घटक, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेतो. 'अकोला' १५ बाइटांत बसतं. 'अमरावती'ला २१ लागतात, म्हणजे ते 'अमराव'पाशी तुटून पुढे एक सुटा बाइट लोंबकळत राहील. म्हणून रोमन लिपीत 'ओव्या' लिहून पुढे गाडीच्या पाटीवरचा आकडा जोडला: अकोल्याची ३०, अमरावतीची २७. वऱ्हाडात हे आकडे पोरालाही समजतात. दुकानातून आलेल्या डिस्कची आधी पूर्ण तपासणी करून, ती जोडलेली नसताना, तिला नवा यूयूआयडी दिला. 'एफएस-टॅब'मध्ये नवी ओळख लिहिली आणि 'नोफेल' हा पर्याय जोडला, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन अडून बसणार नाही. २७ क्रमांकाची डिस्क माझ्याबरोबर अमरावतीला आली. आता दोन प्रती शंभरेक किलोमीटर अंतरावर आहेत आणि एका वादळात दोन्ही सापडणार नाहीत. यूपीएसची बॅटरी बदलली. आजारी डिस्क पुसलेली नाही. कपाटात आहे.

काही ओव्या गेल्या त्या गेल्याच. त्यातल्या एका बाईकडे गुरुजी पुन्हा जाऊन आले आणि तिनं त्या परत म्हटल्या. दुसरीकडे जाण्यासारखं राहिलं नव्हतं.

तुमच्या घरातही आजीचा आवाज फोनमध्ये किंवा जुन्या डिस्कवर पडून असेल. नवीन रेकॉर्ड करताना सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख मोठ्यानं बोला. दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवा आणि दोन्ही डिस्कांना वेगळी नावं द्या, आत लेबलावर आणि बाहेर पट्टीवर. आणि डिस्क कुरकुरायला लागली तर दुरुस्तीची आज्ञा देण्याआधी तार काढा. आधी प्रत घ्या आणि जी काही दुरुस्ती करायची ती प्रतीवर करा.